अळणीचं उद्यापन

ब्लडप्रेशरच्या माणसाला गोळी देणं सोपं, पण त्याचं मीठ सोडवणं महाकठीण. धुळ्याच्या दवाखान्यात पुरुषांच्या वॉर्डात नर्स म्हणून नोकरीला लागले तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. खानदेशातल्या माणसाला भाकरीबरोबर ठेचा नको म्हणणं म्हणजे त्याचा अपमानच. सगळे मुकाट मान डोलवायचे आणि उशीखाली कागदात लोणचं दडवायचे. जेवणाच्या वेळी मी डबे हुंगत फिरायची. त्यावरून वॉर्डात मला एक नाव पडलं होतं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नरडाण्याकडच्या खेड्यातले एक आबा आले तेव्हा बसल्या जागी धापा टाकत होते. जुन्या ब्लडप्रेशरनं हृदय थकलं होतं, छातीत पाणी साचत होतं. नडगीवर अंगठा दाबला की खळगा तसाच राहायचा. त्यांना उशांना टेकवून बसवलं, ऑक्सिजन लावला, लघवी होण्याची इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळल्यावर मी त्यांच्या बायकोला बाजूला घेतलं.

"अक्का, आबांना जेवण अळणी द्यायचं. मीठ पोटात गेलं की पाणी साचणार आणि पुन्हा असाच दम कोंडणार. पुढच्या वेळी वाचतीलच असं नाही."

दुसऱ्या दिवसापासून डबा खरोखरच अळणी आला. अक्का स्वतःही त्यातलंच जेवत. दोन-दोन भाज्या करायचा कंटाळा असेल, असं मला वाटलं. एकदा त्यांचंही प्रेशर मोजलं, ते अगदी ठणठणीत होतं. "तुम्ही खुशाल मीठ खा," म्हटलं, तर पदर तोंडाला लावून हसल्या.

"मनं व्रत शे बाई. मीच मोडू का?"

नवऱ्यासाठी त्यांनी अळणीचं व्रतच धरलं, हे ऐकून मला बरंच वाटलं. एक तरी डबा हुंगायचा वाचला. हळूहळू आबांची सूज उतरली आणि ते स्वतःच्या पायांनी घरी गेले.

महिनाही झाला नसेल, आबा परत आले. ओठ निळे पडलेले, पुढे वाकून श्वास ओढत होते. काय खाल्लं, असं विचारलं तर अक्कांनी काही न लपवता, कौतुकानंच सांगितलं. गल्लीला जेवण घातलं होतं. वरणबट्टी, वांग्याची भाजी, पापड, कुरडया. पंगतीत पहिलं पान आबांचं.

"सूज उतरनी, व्रत पुरं व्हयनं. मंग उद्यापन नको का कराले?"

माझं डोकं फिरलं. पण त्या बाईच्या चेहऱ्यावर काही चुकल्याचा मागमूस नव्हता, रागवायचं तरी कोणावर? आबा त्या खेपेला वाचले, पण अगदी थोडक्यात.

घरी सोडताना मी अक्कांचा हात धरला. "ह्या व्रताला उद्यापन नसतं. आबा आहेत तोवर ते चालवायचं." डॉक्टर माझ्या धर्मशास्त्राला हसले. हसू देत. हृदयाबद्दल मी जे जे समजावलं होतं ते सगळं वाऱ्यावर गेलं होतं, हे मात्र अक्कांच्या मनात पक्कं बसलं.

पुढे कितीतरी वर्षं दोघं एसटीनं तपासणीला येत राहिले. मी नडगी दाबून पाहायची, खळगा पडत नसे. "व्रत तुनं, आनी भोगस मी," आबा अक्कांकडे पाहून कुरकुरायचे. आखाजीच्या सणाला लेकी माहेरी आल्या की आपल्या भाजीत मीठ लेकींनाच घालावं लागे, कारण अक्का चव घेऊन पाहत नसत. हे आबाच सांगायचे, जरा तक्रारीनं, जरा मिजाशीनं.

एका उन्हाळ्यात आबा घरीच, दुपारी पडल्या पडल्या गेले. मला ते कळलं अक्का आल्या तेव्हा. तेराव्यापर्यंतचे सगळे दिवस उरकून त्या एकट्याच आल्या होत्या. उरलेल्या गोळ्या त्यांनी टेबलावर ठेवल्या. "कोनाले तरी कामे येतीन," म्हणाल्या. जेवणाची वेळ होती, मी त्यांना बसवून घेतलं.

"बाई, व्रत तुम्हीच दिन्हं व्हतं. आते तुम्हीच सांगा, मी मीठ खाऊ का?"

मी माझा डबा उघडला आणि भाकरी-भाजी झाकणात काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी घास कपाळाला लावला आणि तोंडात घातला. बराच वेळ चावत राहिल्या. मग उरलेली भाकरी हलकेच माझ्याकडे सरकवली.

"भलतं खारं लागस, बाई," म्हणाल्या, आणि पाणी मागितलं.