पाच वाकडे डाव

डाववाल्यांनी आयुष्यभर आमटी वाढायचे लाकडाचे डाव कोरले, आणि त्यातली पहिली बारा वर्षं ते सरळ यावेत म्हणून घालवली. आता ते फारच सरळ येतात, अशी तक्रार होती.

तक्रार आणली कारागीर गल्लीच्या सेक्रेटरीबाईंनी. गल्लीत दहा खोल्या, प्रत्येक खोलीत हाताने काहीतरी घडवणारं एक माणूस, आणि सुट्टीच्या दिवशी ते बघायला शहरातून येणारी हौशी मंडळी. "लोक म्हणतात, तुमचे डाव मशीनचे वाटतात," बाई म्हणाल्या. "रविवारी परीक्षक येतायत. त्यांना पटलं नाही तर खोली सोडावी लागेल. मेणबत्तीवाली केव्हाची थांबलीय."

मेणबत्तीवाली खरंच थांबली होती. त्याच संध्याकाळी ती सहज म्हणून आली आणि खिडकीची रुंदी वितीने मोजून गेली.

 डाववाल्यांचं घर दोन खोल्यांचं. लाकडाचा भुसा उडाला की सुनेचा दमा उठे. गल्लीतली खोली गेली की हातातलं काम गेलं, आणि मग दिवसभर घरात बसून काय करायचं, हा विचार त्यांना घास गिळू देईना.

"त्यात काय एवढं," बायको म्हणाली. "चार वाकडे करून ठेवा."

"वाकडे कसे करतात?"

"मला विचारताय? माझ्याशी बोलताना बरं जमतं."

शनिवारी त्यांनी पाच वाकडे डाव केले. बायकोने ते ओळीने मांडले आणि बराच वेळ बघत राहिली.

"अहो, पाचही सारखेच वाकडे आहेत."

होते खरे. दांडा कुठे वळवायचा, याची खूण त्यांनी आधी पेन्सिलीने आखून घेतली होती.

"डाव फसला," ती म्हणाली, आणि ते हसतात का ते पाहिलं. ते हसले नाहीत.

रविवारी परीक्षकबाई आल्या. गळ्यात चष्मा, हातात वही. सरळ डावांवरून बोट फिरवून त्यांनी काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते उलटं वाचायचा डाववाल्यांनी प्रयत्न केला. मग बाईंची नजर त्या पाचांवर गेली.

"हे दुसऱ्या मशीनचे का?"

दारात सेक्रेटरीबाई खोकल्या. त्यांच्या मागे मेणबत्तीवाली उभी होती.

"माझ्यासमोर एक करून दाखवाल?" परीक्षकबाईंनी विचारलं.

डाववाल्यांनी पटाशी उचलली. सगळ्यांच्या नजरा त्यांच्या हातावर होत्या. दोनदा पटाशी घसरली, दांडा उजवीकडे कलला, वाटीचा एक काठ खाली गेला. सवयीप्रमाणे त्यांनी शेवटी त्यात काठोकाठ पाणी ओतून पाहिलं. त्यांचा प्रत्येक डाव या परीक्षेतून जाई. जो ओघळला तो सरपणात. हा थेट त्यांच्या बाहीत ओघळला. त्यांनी तो सरपणाकडे टाकायला हात उचलला.

"थांबा, तो मला द्या," परीक्षकबाई म्हणाल्या. "याला म्हणतात हाताचं काम." आणि वहीत सही केली.

खोली राहिली. मेणबत्तीवाली विती न मोजता निघून गेली. बायकोने सुटकेचा श्वास टाकला. डाववाल्यांना मात्र तो टाकता येईना. त्यांच्या हातून सांडणारा डाव आजवर दाराबाहेर गेला नव्हता. ते एक सरळ डाव घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत परीक्षकबाईंच्या मागे गेले.

"बाई, हा घ्या आणि तो द्या. तो सांडतो."

"अहो, मी कुठे वाढायला घेणार आहे? भिंतीवर लावणार."

डाववाल्यांनी यावर विचार केला. भिंतीवर सांडत नाही, हे त्यांना मान्य होतं.

"मग दोन खिळे ठोका," ते म्हणाले. "उजवा जरा वर घ्या. म्हणजे सरळ दिसेल."

बाई हसल्या. डाववाले तिथेच थांबून राहिले, त्या हे वहीत लिहून घेतील म्हणून.