निरोगी बाई पाहिजे

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. म्हणजे आपलंच शरीर आपल्याच नसांवरचं आवरण कुरतडत बसतं. का, ते अजून कुणाला नक्की ठाऊक नाही. ऊन, धूर, लहानपणचे ताप असं काय काय तपासणाऱ्या एक संशोधक बाई पुण्याहून कामशेतला माझ्याकडे आल्या. माझं सगळं बालपण विचारून झाल्यावर म्हणाल्या, आता तुलनेला तुमच्याच गावची, तुमच्याच वयाची एक निरोगी बाई हवी.

कान्ह्याजवळच्या आमच्या मूळ गावात निरोगी बाई मिळणं सोपं नाही. एरवी भाताची पोती उचलणाऱ्या बायका पाहुणीला डॉक्टरीण समजून गुडघे चोळू लागल्या. शेवटी माझी बालमैत्रीण तयार झाली. तिला गावातच, वरच्या आळीत दिलेली. आम्ही तिच्या ओसरीवर बसलो, तशा तिच्या सासूबाईही येऊन बसल्या. तिच्याशी एकटीशी बोलायचंय, असं बाईंनी सुचवून पाहिलं.

"बोला की. मी कुटं अडवतेय?"

आमची दोघींची उत्तरं जुळत गेली. तोच ओढा, तीच शेतं, चुलीचा धूर, गोवरसुद्धा. मग प्रश्न आला, "कधी विडी, सिगारेट?"

मी आधीच खरं सांगून बसले होते. शाळेत असताना पेंढ्याच्या गंजीमागं माझ्या आबांच्या विड्या आम्ही दोघींनी मिळून ओढल्या होत्या. दुखणं निघाल्यापासून मला मनातून वाटायचं, हे आपणच ओढवून घेतलंय. आता ही नाही म्हणाली, तर आमच्यातला फरक एवढाच उरणार. आणि हो म्हणाली, तर समोर सासूबाई. चहात साखर जास्त पडली म्हणून आठवडाभर ऐकवणाऱ्या. मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती.

मैत्रीण म्हणाली, "व्हय, वढल्यात. हिच्यापरीस जास्तच. हिला ठसका लागायचा, मग हिची बी मीच संपवायची."

सासूबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आन् तुला काय बी झालं न्हाई?"

"न्हाई."

दोघींवरून काही ठरत नसतं, असं बाई घाईनं म्हणाल्या. ते मलाही कळतं. तरी छातीवरचं ओझं उतरलं ते उतरलंच.

"तू त्या इड्यांचं मनाला लावून घिऊ नगं," सासूबाई मला म्हणाल्या. "हिच्याकडं मी बगते."

पायरी उतरायला मैत्रिणीनं माझा दंड धरला आणि सासूबाईंची नजर चुकवून शाळेत काढायची तसा कचकन चिमटा काढला. त्या हाताला हल्ली काही कळत नाही. तरी मी 'आई गं' म्हणाले.