जेटीवरची हजेरी

बायको वारली. त्यानंतर दुपारचं घरात बसवेना, म्हणून मी मांडवीच्या जेटीवर जाऊ लागलो. तिथे एक मुलगी रेंजसाठी येऊन मोबाईलवर नर्सिंग कॉलेजचे ऑनलाइन तास ऐकत असे. पहाटेपासून तिने आईबरोबर मासळी निवडलेली असायची. हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसता येणार नव्हतं.

एकदा मोबाईल माझ्या हाती देत ती म्हणाली, "काका, डोळे मिटतायत. सतरा नंबर पुकारला की उठवा हां. घरी झोपच येत नाय. बाजूला कोणी जागं असलं की येते."

नंबर पुकारला तेव्हा ती गुडघ्यांवर डोकं टेकून गाढ झोपली होती. मला उठववेना. मीच म्हणालो, "हजर, सर."

 सर म्हणाले, "घसा बसलाय तुझा. गरम पाणी पी हो." आणि त्यांनी पुढचा नंबर घेतला.

जागी झाल्यावर हे ऐकून ती पोट धरून हसली. "आता सरांनी काय शिकवलानी ते पण सांगा."

तेव्हापासून ती थकली की झोपायची आणि मी तास ऐकून तिला सांगायचो.

ती पास झाली, मुंबईला इस्पितळात लागली. मनगटातल्या हाडांची नावं मला अजून पाठ आहेत.