शिडीताई आणि मामांची जीप

बाजाराच्या मागच्या अंगाला टायरवाले, रेडिएटरवाले आणि बॅटरीवाले एकमेकांच्या ओट्यावर पाय पसरून बसतात, तिथेच एका पत्र्याच्या शेडमध्ये शिडीताईची भट्टी आहे. काम पाट्यांचं. पाटे म्हणजे गाडीच्या पोटाखाली एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. सगळा भार त्या सोसतात आणि कौतुक मात्र रंगाचं होतं. तुटलेला पाटा बदलायचा, बसलेला पाटा तापवायचा, ऐरणीवर ठोकून त्याला पुन्हा कमान द्यायची, हा तिच्या वडिलांचा धंदा. ते गेल्यावर भाऊ नोकऱ्यांना लागले आणि भट्टी हिच्या वाट्याला आली. लोक म्हणाले, हे बाईमाणसाचं काम नव्हे. ती म्हणाली, "मग आणू नका गाडी बाईमाणसाकडे." सगळ्यांनी आणली. बसलेला पाटा घेऊन माणूस जाऊन जाऊन जाणार किती लांब?

नाव शिडीताई पडलं ते तिच्या हौशीमुळे. तिला गाडी उंच आवडते. पोट जमिनीपासून हातभर वर, टायर छातीला लागतील एवढे, आणि आत चढायचं तर माणसानं आधी देवाचं नाव घ्यावं. तिचा स्वतःचा ट्रक बघून एका गिऱ्हाइकानं विचारलं होतं, "ताई, शिडी पण मिळते का याच्याबरोबर?" झालं. त्या दिवसापासून खरं नाव फक्त वीजबिलावर उरलं.

शेजारच्या गाळ्यात तिचा नवरा सीट शिवतो. स्वभावानं गरीब, हात सोन्याचा, आणि हौस बरोब्बर उलटी. त्याची छोटी कार इतकी खाली बसवलेली की रस्त्यात चपटी झालेली बाटली जरी दिसली तरी तो वळसा घालतो. गतिरोधकावरून जाताना ती तिरकी तिरकी, पोट आवळून जाते.

"तुझी गोगलगाय आली बघ," शिडीताई म्हणते.

"गोगलगाय कधी उलटली ऐकलंयस?" तो सुई न थांबवता म्हणतो.

एक आभाळाकडे, एक पाताळाकडे, मग यांचा संसार चालतो कसा, असं लोक विचारतात. चालतो, आणि बरा चालतो. घरात दोघं एकाच उंचीच्या खुर्चीवर बसतात.

रविवारी सकाळी गावाबाहेरच्या बंद पडलेल्या खाणीपाशी हौशी मंडळी जमतात. त्यांच्यातही तट आहेत. उंचवाले आहेत. मूळवाले आहेत, त्यांना कारखान्यातून आलेला बोल्टसुद्धा बदललेला खपत नाही. आणि टपावर डझनभर दिवे लावून, चिखल धुवायला लागतो म्हणून चिखलात न जाणारेही आहेत. ज्याची गाडी त्याची हौस, यात खरं तर भांडायचं काय? पण दुसऱ्याच्या हौशीवरून त्याची लायकी काढायची खोड माणसाला सुटत नाही. उंच गाडीवाला म्हणजे माजलेला, चकचकीत गाडीवाला म्हणजे भित्रा, जुनी जपणारा म्हणजे कंजूष. न्यायनिवाडा चहा संपायच्या आत.

मूळवाल्यांचा म्होरक्या एक घड्याळजी. तो आपली जुनी गाडी दातांच्या ब्रशनं घासतो. शिडीताईचा ट्रक आला की मान वर करून ओरडायचा, "काय ताई, वरची हवा कशी आहे?"

"स्वच्छ आहे. खालच्यांच्या तोंडाची वाफ इथवर पोचत नाही."

या सगळ्या कालव्यात एकच माणूस कुठल्याच तटात नव्हता. शिडीताईचे मामा. सडपातळ, लांबच लांब पायांचे, कामापुरतं बोलणारे. उभी हयात त्यांनी वीजखात्याची जीप चालवली, लाइनमनना डोंगरातल्या खांबांपर्यंत नेलं आणि परत आणलं. खात्यानं जीप मोडीत काढली तेव्हा मामांनी ती घरी आणली. बिनदाराची, रंग उडालेली, दोन दिवे, एक भोंगा. शिडीताई गाडी चालवायला शिकली ती याच जीपवर, उशी ठेवून, पाय पुरत नसताना. खाणीखालच्या ओढ्यातून पलीकडे जायचं असलं की पहिली गाडी मामांची, मग बाकीच्यांनी मागोमाग जायचं. असा नियम कुणी केला नव्हता. पण मोडायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

तर एकदा मामांच्या जीपचा मागचा एक पाटा तुटला. त्याच सुमाराला त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. जीप भट्टीवर लावून ते म्हणाले, "पोरी, पाटा बदल. बाकी हात लावू नकोस. डोळा उघडला की घेऊन जाईन."

ती "हो" म्हणाली. पण पाटा बदलायला गाडीखाली शिरली आणि तिच्या डोक्यात किडा वळवळला. या माणसानं आपल्याला गाडी शिकवली, आणि जीप बघा, गुडघे मोडून बसल्यासारखी. आपल्या हातात कला आहे. आपण परक्यांच्या गाड्या उचलतो आणि मामांची तशीच ठेवायची?

मग काय, हिनं जुने पाटे उतरवून भिंतीला टांगले. नवे घडवले, चांगली भरदार कमान दिलेले. धक्के झेलणारे शॉक लांब दांड्याचे घातले, टायर मोठे चढवले. चढायला दोन्ही बाजूंना लोखंडी पायऱ्या वेल्डिंग केल्या, कारण मामांचे गुडघे. हा विचार केला म्हणून स्वतःवरच खूश झाली.

नवऱ्यानं दारातून बघितलं. "मामांना विचारलंस?"

"भेट काय विचारून देतात?"

"पाटा बदल म्हणाले होते."

"तू सीट शीव. नवीकोरी कर."

त्यानं वरचं कव्हर नवं शिवलं, पण आतला फोम जुनाच ठेवला. "सीट बाहेरच्या कडेला दबलीय," तो म्हणाला. "एवढा खोल खड्डा एका दिवसात पडत नाही. तो बुजवायला माझा हात होईना."

"म्हातारा वाकडा बसतो, दुसरं काय!" असं म्हणून ती पुन्हा गाडीखाली गेली.

मामा आले ते काळा चष्मा लावून. शेडच्या तोंडाशी थांबले. जीपभोवती एक फेरी मारली. टायरवर थाप मारली, पायऱ्या पाहिल्या. मग एक एक पायरी चढून आत बसले, हातानं टपाचा दांडा धरला, बाहेर वाकले, पुन्हा सरळ झाले. आवारात एक चक्कर मारली आणि उतरले.

"उंच झाली," ते म्हणाले.

"आवडली?"

"काम चोख आहे तुझं." त्यांनी किल्ली तिच्या हातावर ठेवली. "तूच वापर आता."

"म्हणजे? मामा, तुमच्यासाठी केलीय!"

"कळलं गं. माझं वयही झालं. चालत बरा आहे मी."

आणि खरंच चालत गेले. शिडीताई किल्ली घेऊन तशीच उभी. डोळ्यांत पाणी यायच्या आत तिला राग आला, तिला सवयच आहे ती. "कदर नाही! आयुष्यभर खात्याचं भंगार चालवलं, चांगलं दिलं की टोचतं!" टायरवाल्यापासून बॅटरीवाल्यापर्यंत सगळ्या ओट्यांना ऐकू गेलं. नवरा मशिनवर वाकून शिवत राहिला. बायको तापली की तिच्यापुढे ऐरण व्हायचं, घण नाही, हे तो कधीच शिकला होता.

त्या रविवारी मामा खाणीवर आले नाहीत. पुढच्याही नाही. तिनं निरोप धाडला, तर उत्तर आलं, "तुम्ही मजा करा." आता तिला मनातून भीती वाटू लागली. मामा रागावले असते तर ती भांडली असती. भांडण तिला येतं. पण हा माणूस नुसता बाजूला सरला होता, आणि तिच्याच हातानं. असाच तो घरात बसला तर पुन्हा उठायचा नाही, हे तिला दिसत होतं.

तिसऱ्या खेपेला ती स्वतः मामांची जीप घेऊन खाणीवर गेली. उंचवाल्यांनी शिट्ट्या मारल्या. घड्याळजीनं मात्र जीपकडे असं पाहिलं की जणू कुणाच्या म्हाताऱ्या आईला कुणी भडक कपडे घातलेत.

ओढ्याशी सगळे थांबले. वरच्या बंधाऱ्यातून आठवडाभर पाणी सोडलेलं, तळाची वाळू हललेली, पाणी गढूळ. वाट कुठून, काही कळेना. मागे रांग लागली आणि सगळ्यांचे डोळे मामांच्या जीपवर. जीप पहिली, हा नियम ना!

शिडीताईनं जीप काठाला लावली. गियर काढला. आणि लहानपणापासून बाजूच्या सीटवरून पाहिलेलं तिच्या अंगानं आपोआप केलं. दांडा धरला, बाहेर वाकली, आणि पाय खाली सोडला. मामा नेहमी असंच करायचे. पाण्यापाशी थांबायचे, बसल्या जागेवरून लांब पाय खाली टेकायचे, चिखल दाबून बघायचे. जमीन किती धरतेय, किती सोडतेय. मग थोडं पुढे, पुन्हा पाय. लहानपणी तिला वाटायचं, मामा खेळतायत.

वाकताना तिचं अंग सीटच्या त्या दबलेल्या खळग्यात नेमकं बसलं. जसं काही तो तिच्याच मापाचा होता. आणि पाय खाली गेला तो लोंबकळत राहिला. खाली पायरी, पायरीखाली हवा, हवेखाली कुठेतरी जमीन. आवारातल्या चकरेआधी मामा असेच वाकले होते आणि सरळ झाले होते.

ती तशीच राहिली. मागून घड्याळजी ओरडला, "काय ताई, शिडी आणू का?"

सगळे हसले. आता, कळलं होतं तर शहाण्या माणसानं खाली उतरून काठीनं पाणी बघितलं असतं. पण हसू ऐकू आलं आणि हिनं पाय आत ओढला, पहिला गियर टाकला आणि घुसली. मधोमध पुढचं चाक खड्ड्यात गेलं. मोठ्या टायरांनी जोर लावला आणि स्वतःचीच कबर खणली. जीप कलली, सीटपर्यंत पाणी आलं, इंजिन उचकी देऊन थांबलं.

दोर लावून बाहेर काढलं ते घड्याळजीनंच, आपल्या घासूनपुसून ठेवलेल्या गाडीनं. तीही चिखलानं माखली. काढताना तो एक अक्षर बोलला नाही. बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"धन्यवाद," ती म्हणाली. हा शब्द तिच्या तोंडून ऐकून घड्याळजीच्याच हातातला दोर निसटला.

घरी नवऱ्यानं ओली सीट उन्हात काढून ठेवली. शिडीताई तिच्याकडे बघत उभी राहिली.

"बोलला का नाहीस मला?"

"बोललो होतो. तू गाडीखाली होतीस."

"मग गाडीखालून ओढून काढायचं होतंस."

"तुला?" तो म्हणाला. "दोर कुठला आणू तेवढा?"

ती हसली, बऱ्याच दिवसांनी. दुसऱ्या दिवसापासून भट्टीवर दुसरं काम घेतलं नाही. टायर आणि शॉक जुनेच परत घातले, पायऱ्या कापल्या. वेल्डिंगच्या खुणा घासून घासून गुळगुळीत केल्या. भिंतीवरचे जुने पाटे उतरवून एकेक पुसले. त्यातला तुटलेला तेवढा तिनं नव्यानं घडवला, जुन्यांच्या कमानीला कमान जुळवून. आपलं चांगलं काम आपल्याच हातानं उतरवताना जीव तुटतो. तुटला. त्या भरदार कमानीच्या पाट्यांवरून तिनं एकदा हात फिरवला आणि ते भिंतीला टांगले, हौशी गिऱ्हाईक येईलच. मग नवऱ्याला म्हणाली, "मामांना सांग, पाटा बदलून झालाय. गाडी घेऊन जा म्हणावं."

मामा आले. चष्मा आता नव्हता. जीप होती तशी, गुडघे मोडून बसलेली. ते आत बसले, दांडा धरला, वाकले आणि पाय सोडला. चपलेचा तळ शेडच्या मातीला लागला. त्यांनी माती थोडी दाबली, उगाचच.

"काय केलंस?"

"पाटा तुटला होता, तो बदलला," शिडीताई दुसरीकडे बघत म्हणाली. "बाकी हात लावला नाही."

"बरं केलंस," मामा तोंडावरची सुरकुती न हलवता म्हणाले.

"तेव्हाच म्हणायचं तरी होतं, मामा."

"एवढ्या हौसेनं केलं होतंस. काय म्हणू?"

रविवारी ओढ्यावर पहिली जीप मामांची. मागे शिडीताईचा ट्रक, तसाच उंच, त्यात तिनं एक सूतही कमी केलं नव्हतं आणि करणारही नव्हती. गोगलगाय डांबरी रस्त्याच्या टोकाला, चहाचा थर्मास घेऊन. घड्याळजी खाली उभा.

मामांनी पाय टेकला. पुढे सरकले. पुन्हा टेकला. मधे थांबले आणि मान वर वळवून ओरडले, "ए शिडे! इथं खालचं कळतंय मला. पलीकडे काठ खचलाय का, दिसतंय का तुला वरून?"

शिडीताई खिडकीतून अर्धी बाहेर आली. "झाडापाशी खचलाय! दगडाकडून घ्या!"

मामांनी दगडाकडून घेतली. घड्याळजीनं मान वर करून तोंड उघडलं, मग मिटलं, आणि आपल्या गाडीत जाऊन बसला. रांगेत त्याचा नंबर तिच्या मागे होता.