गुडघा टेकला, पाठ नाही

कोल्हापूरला मी पहिल्यांदा गेलो ते त्या गावातल्या पोरांविषयी लिहून झाल्यावर, सहा वर्षांनी.

आमच्या नागपूरच्या घरात चळवळीची पत्रकं जन्माला येत. वडील मजकूर सांगत, आई घड्या घाली आणि मी शाळेआधी ती वस्तीत वाटून येई. विसाव्या वर्षी कोल्हापूरच्या एका मित्राचं पत्र आलं : इथल्या एका लहान कॉलेजात अमेरिकन फुटबॉलचा संघ निघालाय. सोबत खेळाडूंची यादी. मला न पाहताच सगळं कळलं. मी एका बैठकीत पत्रक लिहिलं, ‘बड्या घरच्या पोरांचे अमेरिकन चोचले’. मजकुराखाली नावं दिली, माझी सही मात्र ‘एक विद्यार्थी’ एवढीच. ते मित्राकरवी कॉलेजच्या फाटकावर वाटलं गेलं, घोषणा झाल्या आणि आठवड्याभरात संघ बंद पडला. माझं सर्वांत यशस्वी पत्रक तेच.

यंदा तो मित्र नागपुरात भेटला. चहा पिता पिता म्हणाला, “ती पोरं बड्या घरची नव्हती रे.” मी एका मासिकाला त्या संघाचा इतिहास लिहून देतो म्हणालो आणि गाडीत बसलो. पत्रक मी लिहिलं हे तिथे तोंडाने सांगायचं, एवढं ठरवलं होतं.

सकाळी स्टेशनाबाहेर मिसळ मागवली आणि नागपुरी ऐटीत तर्री जास्त टाका म्हणालो. “कट म्हणायचं हितं,” वाढपी म्हणाला आणि तो झणझणीत लाल रस्सा वाटी भरून ओतला. तिसऱ्या घासाला उचकी लागली. त्याने न विचारता पावाच्या दोन जाड स्लाइस पुढे सरकवल्या. “पावणं, बेतानं.” इथे अनोळखी माणसाला पावणंच म्हणतात.

राजारामपुरीत संघाचा कप्तान तानाजी गावडे याचं मोटरसायकलींच्या सीटकव्हरचं दुकान आहे. मूळचा चंदगडकडचा, मान जाडजूड, कान कुस्तीने चुरगळलेले. त्याची बायको मशीनवर रेक्झिन शिवत होती.

“काय नाव म्हणायचं?”

मी पहिलं नाव सांगितलं, आडनाव गिळलं.

“लांबनं आलासा की. आमच्या टीमवर कोण लिवणार हाय म्हटल्यावर हिला खरंच वाटंना.”

“अजूनबी वाटंना,” मशीन न थांबवता वहिनी म्हणाल्या.

तानाजी स्कूटरवरून मला मैदानावर घेऊन गेला. तिथे साधा फुटबॉल चालला होता. कडेला उभं राहून त्याने इतिहास सांगितला. अमेरिकेत शिकून आलेल्या इंग्रजीच्या सरांनी एक लांबट चेंडू आणला. साहित्य काहीच नव्हतं. सीटच्या फोमचे खांदे तानाजीने शिवले, जुन्या हेल्मेटना खिडकीची जाळी बांधली. सगळे अकरा गडी तालमीतले, गावाकडून एस.टी.ने आलेले, खोलीवर हाताने भाकरी थापणारे.

“आन् हितंच घोळ झाला,” तो हसला. “सर म्हणायचे, चेंडूवाल्याचा गुडघा टेकला की डाव थांबला, त्याला सोडा. आम्ही म्हणायचो, गुडघा टेकला म्हंजे पडला व्हय? पाठ कुठं लागलीय?”

पुण्याच्या संघाशी त्यांचा एकुलता एक सामना झाला. शिट्टी वाजली तरी हे गडी पडलेल्याला उलथून त्याची पाठ मातीला लावत आणि मग हात देऊन उठवत. त्यांच्यातला मिलिंद नावाचा गडी तर चेंडू पोटाखाली घेऊन, पाय फाकवून पालथा पडून राही. पंचाने सांगितलं तरी उठेना. “मला अजून कुणी चीत केलं न्हाय, म्हणायचा.” सामना हरले. पुढच्याची तयारी चालू होती, तेवढ्यात पत्रक आलं.

मी तिथेच बोलायला हवं होतं. मी वहीत लिहीत राहिलो.

दुकानात परतल्यावर तानाजीने गल्ल्याखालून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला एक कागद काढला. माझं पत्रक.

“शिव्याच हायत त्यात. पर आमची नावं छापून आलेला एवढाच कागद हाय.”

दहा नावं छापलेली होती. त्याखाली निळ्या पेनाने अकरावं : मिलिंद कांबळे, गगनबावडा.

“छापखान्यात गळलं असंल. आम्ही त्याला चिडवायचो, तू टीममधी नव्हतासच की. हसायचा, पर लागायचं त्याला. मग मीच लिवलं.”

छापखान्यात गळलं नव्हतं. कांबळे म्हणजे आपल्यातलाच, हे नागपूरच्या मेश्रामला कुणी सांगावं लागत नाही. बड्या घरच्या पोरांच्या यादीत ते नाव बसेना. मी मथळा बदलला नाही, नाव गाळलं.

मी हे सगळं सांगितलं, आडनावासकट.

मशीन थांबलं. वहिनी म्हणाल्या, “मग आता कशाला आलासा? उरलेली धा खोडाय?”

तानाजीने कागदाची घडी घातली. “मिलिंद गगनबावड्यात मास्तर हाय. दुपारची एस.टी. गावंल. हे त्याला सांगा. मला सांगून काय उपयोग न्हाय.”

मी स्टँडवर गेलो. गाडी लागली. खिडक्यांतून लोकांनी रुमाल टाकून जागा धरल्या, कंडक्टरने दोनदा हाक दिली, “बावडा, बावडा.” मी बाकावरून उठलो नाही. गाडी गेल्यावर रिक्षा करून स्टेशनवर आलो आणि नागपूरची गाडी धरली.

घरी आईने विचारलं, काम झालं का? मी हो म्हणालो. इतिहास लिहून झाला आहे, तुम्ही वाचताय तोच. यात अकरावं नाव छापलेलं आहे. पण ज्याला तोंडाने सांगायचं होतं, त्याला मी पुन्हा कागदानेच सांगतो आहे. कोल्हापूरच्या नियमाने माझी पाठ अजून मातीला लागलेली नाही. मी गुडघा टेकून पळून आलो.