वहिनीने मांडलेलं ताट

तापातून उठल्यावर दादाची अन्नावरची वासनाच उडाली होती. शिजवलेल्याचा वाससुद्धा त्याला सोसेना. त्या दुपारी वहिनीने चूल पेटवलीच नाही. केशरी गाजरं, हिरवी काकडी, मुळ्याच्या पातळ चकत्या तिने रंग बघून ताटात गोल मांडल्या आणि मध्ये लसूण-कोथिंबीर घालून फेटलेल्या चक्क्याची वाटी ठेवली. ताट त्याच्याजवळ सरकवून ती गुपचूप बसली. आग्रह सगळेच करतात. असा मोह घालायला किती जीव लावावा लागत असेल, असं मला वाटून गेलं.

दादा बराच वेळ नुसता बघत होता.

"मोडायला जिवावर येतंय," तो म्हणाला. मग काकडीची चकती चक्क्यात बुडवून त्याने सावकाश चावली.

"मीठ कमी आहे गं."

कितीतरी दिवसांनी त्याला चव लागली होती. वहिनी डोळे पुसत मीठ आणायला उठली.