पातेल्यावरचं नाव

इस्रायल आणि पॅलेस्टाइन हा विषय माझा तोंडपाठ होता. इंग्रजांनी एकच जमीन दोघांना कशी कबूल केली, अठ्ठेचाळीस साली काय झालं, सदुसष्टमध्ये काय झालं, हे मी इथे आयर्लंडमध्ये, चेरीवूडच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत कुणालाही ऐकवत असे. आयरिश सहकारी माना डोलवायचे, कारण इंग्रजांचा अन्याय म्हटला की त्यांना वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. आमचे पुण्याचे दोघं-तिघं मात्र म्हणायचे, "इस्रायलवाले बरोबर करतात, त्यांना असाच धडा शिकवायला पाहिजे." त्यातले 'त्यांना' म्हणजे कोण, ते फक्त तिकडचेच नव्हते, हे आम्हां सगळ्यांना कळायचं. मी मधे बसून दोन्ही बाजू समजावून सांगायचो. दोन्ही बाजू समजणारा माणूस म्हणून मी स्वतःवर जाम खूश होतो.

तेव्हा आम्ही ओंगारला राहत होतो. नवी वसाहत, सगळी घरं एकाच साच्यातली. आमच्या शेजारी एक पॅलेस्टिनी डॉक्टर राहायला आला. तो नास गावच्या इस्पितळात होता. एकदा आमच्या मुलीला तापात फिट आली, तेव्हा हा नुकताच ड्यूटीवरून आलेला, बूटही न काढता कुंपणावरून उडी मारून आला. अँब्युलन्स येईपर्यंत तिला कुशीवर धरून बसला होता. त्या दिवसापासून तो माझ्यासाठी शेजारी राहिला नाही, घरचाच झाला. त्याच्या बायकोची आणि माझ्या बायकोची डब्यांची देवाणघेवाण सुरू झाली. डबा रिकामा परत करायचा नाही, हे आमच्याकडचं आणि त्यांच्याकडचंही. आमचा शंकरपाळ्यांचा डबा जायचा आणि खजुराची बिस्किटं घेऊन यायचा. स्टीलचा डबा, झाकणावर माझ्या सासूबाईंचं नाव घातलेलं.

डॉक्टरच्या वडिलांचं गाव हैफाजवळ. अठ्ठेचाळीसमध्ये सुटलं ते सुटलंच. म्हातारा लेबनॉनमधल्या छावणीत वारला. शेवटपर्यंत भेटेल त्याला विचारायचा, आमच्या घरात कोण राहतं, घर नीट ठेवलंय का. "त्याला घर परत मिळणार नाही हे माहीत होतं," डॉक्टर मला एकदा म्हणाला. "त्याला फक्त कुणीतरी येऊन सांगायला हवं होतं की हो, तुमचं घर होतं." मी यावर दहा मिनिटं भाषण केलं असणार. त्याने ऐकून घेतलं.

आणि मग आमच्या ऑफिसात एक इस्रायली प्रोग्रॅमर आला आणि वर्षभरात त्याची आई त्याच्याकडे राहायला आली. ती आमच्या अलिबागकडची निघाली. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, गावात ज्यांना शनिवार तेली म्हणायचे त्यांच्यातली. विशीत लग्न होऊन तिकडे गेली ती पन्नास वर्षं तिकडेच, पण मराठी अशी की माझ्या बायकोला पहिल्याच भेटीत म्हणाली, "काय गो, एवढी वाळलीस कशी?" माझी आई जाऊन तीन वर्षं झाली होती. मी तिला आजी म्हणायला लागलो आणि इतर सगळं विसरलो. मराठी बोलते म्हणजे आपली, एवढंच मला कळत होतं.

दिवाळीचा पाडवा रविवारी आला. मी डॉक्टर नवरा-बायकोला फराळाला बोलावलं, आजीलाही बोलावलं, आणि दुसरं कोण येणार आहे हे कुणालाच सांगितलं नाही. आपल्याकडे भांडलेल्या भावांना असंच एका पंगतीला बसवतात. शिवाय फराळात मांस नाही, म्हणजे आजीचंही सोवळं सांभाळलं जातं आणि डॉक्टरचंही, या हिशेबावर मी फार खूश होतो. बायको म्हणाली, "निदान डॉक्टरला सांग." मी म्हटलं, "चकलीपुढे कसलं भांडण!"

आजी इस्रायलची हे मी फोडल्यावर डॉक्टरने एकदा माझ्याकडे बघितलं. पण म्हातारं माणूस समोर बसलेलं, त्याने वाकून नमस्कार केला. चहा झाला. मग त्याने अगदी शांतपणे मला इंग्रजीत सांगितलं, "यांना विचार, तिथे गेल्यावर राहायला घर कसलं मिळालं?"

मी विचारलं. आजीने बशी खाली ठेवली.

"आधी तंबूत व्हतो. मग घर दिलं. अरबांचं घर व्हतं ते. अरब सगळं टाकून गेलेले. म्हंजे घालवलेले, ते मला मागाहून कळलं. चुलीपाशी तांब्याचं पातेलं व्हतं, कडेला अरबी अक्षरं कोरलेली. मला वाचता येत नाय. पन आपल्याकडं भांड्यावर नाव घालतात ना, तसंच ते. नाव घातलेलं भांडं मालकाला परत द्यायचं असतं. मी त्यात कधी शिजवलं नाय, नुसतं घासून ठेवते. तिकडं कुनाला वाचायला सांगायचा धीर झाला नाय. याला विचार, हा वाचून देईल का? मरायच्या आधी कुनाचं ते तरी कळू दे."

बायको स्वयंपाकघराच्या दारात थबकली होती. डॉक्टर माझ्याकडे बघत होता. आणि दोन्ही बाजू तोंडपाठ असलेल्या माझ्या तोंडून आलं ते असं: "म्हणतायत, लहानसं दगडी घर मिळालं. तांब्याची छान भांडी होती. आणि विचारतायत, तुम्हाला अजून चिवडा हवाय का?"

मी घाबरलो. दुसरं काही कारण नाही. माझ्या दिवाणखान्यात, माझ्या पणत्यांपुढे कुणी रडलं असतं, कुणी उठून गेलं असतं, आणि ते मला नको होतं.

"नको," डॉक्टर म्हणाला.

"काय म्हनला?" आजीने विचारलं.

"वाचून देईन म्हणाला."

आजीने त्याचा हात दोन्ही हातांत घेतला आणि डोळ्यांना लावला. त्याला काही कळेना, पण त्याने हात सोडवून घेतला नाही.

निघताना दारात तो माझ्या कानाशी म्हणाला, "त्या तीनदा अरब म्हणाल्या. तू एकदाही म्हणाला नाहीस." मी काहीतरी सारवासारव करू लागलो. "इट्स ग्रँड," तो म्हणाला. इथे राहिलेल्या माणसाला कळतं की विषय संपवायचा असला की असं म्हणतात. जाताना त्यांना दिलेला फराळाचा डबा चार दिवसांनी परत आला. लख्ख घासलेला, पुसलेला, रिकामा.

बायको म्हणाली, "आत्ता जा आणि खरं काय ते सांग त्याला." मी म्हटलं, जाईन. त्याच्याकडे रोजे सुरू झाले, मग नाताळ आला, मग माझं प्रोजेक्ट. वसंतात आजीचा मुलगा तिला इस्रायलला पोचवून सुट्टीवरून परतला आणि त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पातेलं माझ्या टेबलावर ठेवलं. "आई म्हणते, तुझा डॉक्टर वाचणार आहे." मी ते घरी आणून किचनच्या प्रेसमध्ये, इथे कपाटाला प्रेस म्हणतात, सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं. वाचू शकणारा माणूस भिंतीपलीकडे राहत होता. त्याच्या नळाचं पाणी सुटलेलं मला ऐकू यायचं. दोन वर्षं मी ऐकत राहिलो. समोर भेटलो की तो मान हलवायचा, मी हवेबद्दल बोलायचो. लेबनॉनवर बॉम्ब पडत होते त्या उन्हाळ्यात त्यांनी घर सोडलं. सामानाची गाडी भरत होती तेव्हा पातेलं हातात घेऊन मी दारापर्यंत गेलो, आणि आत आलो.

पुढच्या वर्षी आजीचा तिकडून फोन आला. आवाज पार बसला होता.

"वाचलं का रे त्यानं?"

"हो आजी. वाचलं."

"मग सांग ना. काय नाव हाय?"

कधीतरी बातम्यांत ऐकलेलं एक नाव मी सांगितलं. तिने ते दोनदा म्हणून पाहिलं, एकदा माझ्याकडून उच्चार दुरुस्त करून घेतला. मग म्हणाली की आता दर शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा दिवा लावताना ते नाव घेईन, आणि मला तोंडभरून आशीर्वाद दिले.